जलसंजीवनी

आपल्या प्राचीन कथांत संजीवनीचा उल्लेख दोन ठिकाणी येतो. शुक्राचार्यांपाशी मृतास जिवंत करणारी संजीवनी विद्या होती. ती शिकून घेण्यासाठी देवांनी कचाला असुरांच्या या गुरूकडे धाडले. पुढे रामायणात लक्ष्मण मूर्च्छित होऊन पडला, तेव्हा नेमकी वनस्पती ओळखता न आल्यामुळे हनुमानाने अवघा पर्वतच उचलून आणला. या दोन्ही कथांत संजीवनी दुर्लभ आहे. ती मिळवायची तर कचासारखे धैर्य हवे किंवा हनुमानासारखे बळ हवे.

आपल्या काळातही एक संजीवनी आहे. परंतु ती मुळीच दुर्लभ नाही. पाणी, साखर आणि मीठ हे तिचे मुख्य घटक असून ते गरिबातल्या गरीब घरीही सापडतात. मराठीत आपण तिला ‘जलसंजीवनी’ म्हणतो. दवाखान्यात आणि औषधांच्या दुकानात तिची लहान पुडी ओ.आर.एस. या नावाने मिळते. या साध्या द्रावणाने गेल्या अर्धशतकात पाच कोटींहून अधिक माणसांचे प्राण वाचवले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

मग सहजच प्रश्न पडतो, की इतकी साधी गोष्ट माणसाला पूर्वीच का सुचली नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच जलसंजीवनीची कथा. ती कोण्या एका माणसाच्या पराक्रमाची कथा नाही. अनेक देशांतील, अनेक व्यवसायांतील माणसांनी सुमारे एकशे चाळीस वर्षे हातभार लावला, तेव्हा कोठे ती पूर्ण झाली.

कथेचा आरंभ एका भयंकर रोगापासून होतो. त्या रोगाचे नाव पटकी, म्हणजेच कॉलरा. आपल्याकडे त्यास महामारी किंवा जरीमरी असेही म्हणत. पटकीची साथ आली की सकाळी शेतावर गेलेला धडधाकट मनुष्य संध्याकाळी दिसेलच अशी खात्री नसे. रोग कशाने होतो हे ठाऊक नव्हते. त्यामुळे लोक मरीआईला नवस करीत आणि तिचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन सोडीत. यात्रांच्या ठिकाणी हजारो माणसे एकाच नदीचे पाणी पीत. तेथे साथ उद्भवली म्हणजे परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव पोहोचे. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली साथ व्यापारी, सैनिक आणि यात्रेकरू यांच्या वाटांनी दूरदूर पसरली. पुढच्या साथीने तर युरोप गाठले आणि १८३१ साली इंग्लंडच्या बंदरांत प्रवेश केला.

पटकीत नेमके होते काय? आपल्या शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. या पाण्यात मीठ आणि इतर क्षार विरघळलेले असतात. पटकी झालेल्या माणसास जुलाब आणि उलट्या सुरू होतात. रोग तीव्र असेल तर एका तासात एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाते. डोळे खोल जातात, ओठ सुकतात, हातापायांत पेटके येतात आणि आवाज बसतो. चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी लवकर सपाट होत नाही. रक्त दाट होते, नाडी हाताला लागेनाशी होते आणि काही तासांतच मनुष्य दगावतो. म्हणजे पटकीचा रोगी मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार आटल्यामुळे.

आज हे आपणांस सहज समजते. परंतु त्या काळच्या युरोपातील डॉक्टरांना ते ठाऊक नव्हते. शरीरातील दूषित रक्त काढून टाकले म्हणजे रोगी बरा होतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते आधीच सुकत चाललेल्या रोग्याची शीर कापून रक्त वाहू देत. जुलाब होत असतानाही पाऱ्यापासून केलेले रेचक देत. पाणी पाजल्याने जुलाब वाढतात, असे समजून तहानेने तळमळणाऱ्या रोग्याला पाणी नाकारण्यातही येई. ही सारी माणसे निर्दय नव्हती. रोग्याला वाचवावे हीच त्यांची इच्छा होती. पण इच्छा कितीही चांगली असली, तरी कारण ठाऊक नसेल तर उपचार उलटा पडतो.

अशा वेळी विल्यम ओशॉनेसी नावाचा अवघ्या बावीस वर्षांचा एक आयरिश डॉक्टर साथीच्या गावी गेला. त्याला रसायनशास्त्राची आवड होती. शीर कापून रोगी बरा होतो की नाही हा वाद घालीत बसण्याऐवजी त्याने रोग्यांच्या रक्ताची तपासणी केली. त्या रक्तातील पाणी आणि क्षार फार कमी झाले आहेत, असे त्याला आढळून आले. मग जे गेले ते परत द्यावे, असे त्याने सुचवले. हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आले. भारतात तारायंत्राच्या पहिल्या लांब ओळी उभारण्याचे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले. एकच जिज्ञासू मनुष्य किती वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतो पाहा!

ओशॉनेसीची सूचना वाचून स्कॉटलंडमधील लीथ गावच्या टॉमस लॅटा या डॉक्टरने १८३२ साली ती प्रत्यक्षात आणण्याचे धाडस केले. एक वृद्ध स्त्री अगदी मरणाच्या दारी होती. कोणताच उपाय उरला नव्हता. लॅटाने तिच्या शिरेत नळी घालून हळूहळू मिठाचे पाणी सोडण्यास आरंभ केला. अर्ध्या तासात तीन लिटरांहून अधिक पाणी शरीरात गेले. तिची नाडी परत आली, चेहऱ्यावर तजेला आला आणि ती बोलू लागली. थकलेला लॅटा तिला रुग्णालयातील सहकाऱ्यावर सोपवून निघून गेला. परंतु जुलाब पुन्हा सुरू झाले; शिरेतून पाणी देणे मात्र पुन्हा झाले नाही, आणि काही तासांत ती स्त्री मरण पावली. भरलेल्या घड्याला भोक असेल तर पाणी एकदा ओतून भागत नाही, ते गळत राहील तोवर ओतत राहावे लागते, हा धडा त्या दिवशी मिळाला. पुढे लॅटाने काही रोगी वाचवले. पण त्या काळी पाणी निर्जंतुक करण्याचे ज्ञान नव्हते, आणि पुष्कळ रोगी उपचारानंतरही मेले. दुसऱ्याच वर्षी लॅटाही क्षयाने वारला. बरोबर वाटेवर पडलेले ते पाऊल वैद्यकशास्त्र जवळजवळ विसरून गेले.

रोग येतो कोठून, या प्रश्नाचा शोध मात्र चालूच होता. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरने घरोघर जाऊन चौकशी केली आणि कोणत्या घरी किती मृत्यू झाले ते नकाशावर मांडले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास झाले होते. त्याच्या आग्रहावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. तरीपण पटकी हवेतून नव्हे, तर दूषित पाण्यातून पसरते, या विचाराला त्याच्या नकाशाने भक्कम आधार दिला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यास येऊन पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रोग्यांच्या आतड्यांत दाखवून दिला. लोक ज्या तलावाचे पाणी पीत, त्यातही त्याला तोच जंतू सापडला.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून खारे पाणी देण्याची पद्धत सुधारून पुन्हा सुरू केली आणि पटकीने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. ही पद्धत पुढे आणखी सुधारली. शिरेतून पुरेसे द्रावण मिळाले तर पटकीचा रोगी बहुधा वाचतो, हे सिद्ध झाले. परंतु या उपचाराला निर्जंतुक बाटल्या, सुया, नळ्या आणि शिकलेले हात लागतात. पटकी तर येते पुरात, दुष्काळात, युद्धात. जेथे यांपैकी काहीच नसते तेथे. म्हणून शास्त्रज्ञांना वाटे, की हे द्रावण रोग्याला तोंडाने पाजता आले तर किती बरे होईल!

नुसते पाणी पाजून पाहिले तर ते आतड्यात शोषले न जाता तसेच बाहेर पडे. मीठ घातले तरी तेच होई. पटकीमुळे आतड्याचे अस्तर पार नष्ट होत असावे, अशी अनेकांची समजूत होती. तसे असते तर तोंडाने काहीही पाजणे व्यर्थच ठरले असते. कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली सौम्य रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजून बरे केल्याचे प्रसिद्ध केले. पण त्यामागचे कारण त्या वेळी कोणाला सांगता येत नव्हते, म्हणून त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

कारणाचा उलगडा दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाला. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवले, की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतडे पाणी बाहेर टाकू लागते. म्हणजे आतडे नष्ट होत नाही. फक्त त्याचे काम बिघडते. पुढच्याच वर्षी, १९६० साली, रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत एक नवी कल्पना मांडली. मिठातील सोडियम आणि ग्लुकोज ही साखर आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत जातात, असे त्यांनी सांगितले. असा एक द्वारपाल कल्पा, की जो एकट्या पाहुण्याला दार उघडत नाही. दोघे हातात हात घालून आले तरच त्यांना आत सोडतो. मीठ आणि साखर हे असे दोन पाहुणे आहेत. ते आत गेले की त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत जाते. आणि विशेष म्हणजे, पटकीचे विष इतर काही बिघडवत असले तरी या दारापुढे त्याचे काही चालत नाही!

हे ज्ञान आता रोग्याच्या खाटेपर्यंत न्यायचे होते. ढाका हे शहर त्या वेळी पूर्व पाकिस्तानात होते. तेथील पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण अमेरिकी डॉक्टर काम करीत होते. जुलाबावाटे किती पाणी जाते ते मोजून तितकेच द्रावण रोग्याला पाजावे, असे त्यांनी ठरवले. १९६८ साली त्यांनी २९ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तोंडाने द्रावण घेणाऱ्या रोग्यांना शिरेतून द्यावे लागणारे पाणी पुष्कळच कमी लागले. कलकत्त्यातील संशोधकांनाही याच सुमारास असाच अनुभव आला. तरीसुद्धा अनेक तज्ज्ञांना शंका होती. सुसज्ज रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली हे जमले. पण चिखलात, गर्दीत, अडाणी माणसांच्या हाती ते कसे जमावे?

या शंकेचे उत्तर फार कठीण परिस्थितीत द्यावे लागले. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात स्वातंत्र्ययुद्ध पेटले. अत्याचारांपासून जीव वाचवण्यासाठी सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. सीमेजवळच्या बनगाव भागातील छावण्यांत लक्षावधी निर्वासित दाटले. पावसाळा सुरू झाला आणि पटकी उसळली. छावण्यांत रोग्यांपैकी शेकडा तीसपर्यंत माणसे मरू लागली.

जूनच्या अखेरीस डॉक्टर दिलीप महालनबीस आपले छोटे पथक घेऊन बनगावच्या रुग्णालयात पोहोचले. त्यांचा जन्म १९३४ साली पूर्व बंगालमध्ये झाला होता. कलकत्त्यास शिकून ते बालरोगतज्ज्ञ झाले आणि इंग्लंडमध्ये काही काळ काम करून परत आले. बनगावला त्यांना जे दिसले ते भयानक होते. पटकीच्या रोग्यांसाठी दोनच खोल्या होत्या, आणि त्यांच्या जमिनीवर रोगी दाटीवाटीने पडलेले होते. शिरेत सुई घालायची तर त्या घाणीतच गुडघे टेकून बसावे लागे. पथकातील केवळ दोघांना ते काम येत होते, आणि द्रावणाच्या बाटल्या संपत चालल्या होत्या. आपण ही लढाई हरत आहोत, हे दोन दिवसांतच डॉक्टरांच्या ध्यानी आले.

आता दोनच मार्ग उरले होते. बाटल्यांची वाट पाहत बसावे, किंवा ज्याची पुरती खात्री जगाला पटलेली नाही असा उपाय करावा. महालनबीसांनी दुसरा मार्ग पत्करला. कलकत्त्यातील त्यांच्या संशोधन केंद्राचे वाचनालय हाच एक कारखाना बनला. तेथे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा प्रमाणात मोजमाप करून पुड्या भरण्यात आल्या. हे प्रमाण एक लिटर पाण्यासाठी होते. ते बाजारात मिळणारे साधे पदार्थ होते. एका लिटरला सुमारे अकरा पैसे खर्च येई. छावणीत पिंपांत द्रावण कालवून ठेवण्यात आले. पिंपांना तोट्या होत्या. रोग्याची आई, भाऊ, मुलगी, जो कोणी जवळ असेल त्याने पेला भरून न्यावा आणि रोग्याला पाजत राहावे, असे सांगण्यात आले.

साध्या पाण्यावर लोकांचा विश्वास बसेल की नाही, ही एक अडचण होती. ‘सलाईन’ म्हणजे जीव वाचवणारे औषध, एवढे लोकांना ठाऊक झाले होते. म्हणून पथकातील माणसे सांगत, की हे तोंडाने घ्यायचे सलाईन आहे. घोटाघोटाने ते पोटात जाऊ लागले. थोड्या वेळाने रोग्याची नाडी हाताला लागे. काही तासांनी तो उठून बसे. आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रोग्यांवर उपचार झाले, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. पूर्वी शंभरांतील तीस दगावत होते. आता चारही दगावत नव्हते. ज्यांना आपण अडाणी समजत होतो, त्या घरच्या माणसांनीच पेल्यापेल्याने हे काम केले होते.

एवढे होऊनही सर्वांची खात्री लगेच पटली नाही. मिठासाखरेच्या पाण्याने इतका मोठा रोग हटतो, हे मोठमोठ्या पंडितांना पटणे जड गेले. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर धीमान बरुआ यांनी छावणीत येऊन हे काम प्रत्यक्ष पाहिले आणि त्याचा सर्वत्र पुरस्कार केला. १९७८ साली या संघटनेने अतिसाराविरुद्ध जागतिक कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकाने मिठासाखरेच्या जोडीच्या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल, असे मत व्यक्त केले.

स्वतंत्र झालेल्या बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने हे ज्ञान घराघरांत नेण्याचे ठरवले. १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या स्त्रिया पायी हिंडून एक कोटीहून अधिक घरी गेल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे साधे माप त्या मातांना शिकवीत. आरंभी एक विचित्र गोष्ट घडली. मातांना कृती तोंडपाठ झाली. परंतु मूल आजारी पडले तरी फार थोड्या माता ते द्रावण देत. चौकशी केली तेव्हा कळले, की काही कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना द्रावण कसे काम करते ते नीट समजावून देण्यात आले आणि गावातील पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. त्यानंतर हळूहळू द्रावणाचा वापर वाढला. शिकवणाऱ्याचीच खात्री नसेल, तर ऐकणाऱ्याची ती कशी व्हावी?

उपचार हे वाहत्या नदीप्रमाणे असतात. ते एका ठिकाणी थांबत नाहीत. १९७१ ची ती पुडी आज जशीच्या तशी राहिलेली नाही. सोड्याऐवजी अधिक काळ टिकणारा दुसरा क्षार तिच्यात आला. २००२ साली मीठ आणि ग्लुकोज यांचे प्रमाण थोडे कमी करण्यात आले, कारण सौम्य द्रावण मुलांना अधिक मानवते असे दिसून आले. आजच्या एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम मिश्रण असते. २००४ पासून जलसंजीवनीच्या जोडीने जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, असे सांगण्यात येऊ लागले. त्यांमुळे जुलाब लवकर थांबतात. लहान मुलांना रोटाव्हायरसमुळेही तीव्र जुलाब होतात. २०१६ पासून भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात त्याविरुद्धची लस देण्यास आरंभ झाला. १९८० च्या सुमारास जगात अतिसाराने दरवर्षी पाच वर्षांखालील चाळीस लाखांहून अधिक मुले दगावत होती. आता ती संख्या साडेचार लाखांच्या आसपास आली आहे. स्वच्छ पाणी, लस, चांगला आहार आणि जलसंजीवनी या सर्वांचा यात वाटा आहे. परंतु उरलेली साडेचार लाख मुलेही वाचवता येण्यासारखी आहेत, हे विसरून चालणार नाही.

मुलांनो, आता मागे वळून पाहा. या एका पेल्याच्या मागे किती जणांचे हात आहेत! रक्ताची तपासणी करणारा रसायनशास्त्रज्ञ, नकाशावर मृत्यू मांडणारा साथरोगतज्ज्ञ, जंतू शोधणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आतड्याचे कार्य अभ्यासणारा शरीरक्रियाशास्त्रज्ञ, घाणीत गुडघे टेकून बसणारा डॉक्टर, पुड्या भरणारी माणसे, चिखल तुडवीत घरोघर जाणारी कार्यकर्ती. यांपैकी एकही जण वगळला तर ही साखळी तुटते.

तुमच्यापैकी कित्येकांना मोठेपणी डॉक्टर व्हावेसे वाटत असेल. त्यासाठी बारावीनंतर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि मग साडेचार वर्षे अभ्यास व एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते. परंतु आरोग्यसेवेची दारे एकाच बाजूने उघडत नाहीत. परिचारिका रोग्याजवळ डॉक्टरांपेक्षा अधिक वेळ असते. रोग्याच्या प्रकृतीतील बारीकसा फरक प्रथम तिच्याच लक्षात येतो. तिचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून मुलगेही तो करू शकतात. औषधनिर्माणशास्त्र शिकलेला मनुष्य औषधाचे प्रमाण आणि शुद्धता सांभाळतो. पुडीत मीठ किंचित अधिक पडले तरी अपाय होऊ शकतो, हे तो जाणतो. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून जंतू ओळखतो. गावाला शुद्ध पाणी पुरवणारा अभियंता पांढरा अंगरखा घालीत नाही. पण तो जितके रोग टाळतो, तितके बरे करणे कोणत्याही रुग्णालयाला शक्य नसते. आणि आपल्या गावातील आशाताई पाहा! २००५ पासून खेड्याखेड्यांत अशा स्त्रिया नेमण्यात येऊ लागल्या. त्या त्याच गावच्या असतात. कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोणाचे मूल आजारी आहे, हे त्यांना ठाऊक असते. जलसंजीवनीची पुडी त्यांच्या पिशवीत असते.

या सर्व कामांसाठी तीन गुण लागतात. पहिला गुण जिज्ञासा. ती नसती तर ओशॉनेसीने रक्त तपासलेच नसते. दुसरा गुण चिकाटी. लॅटाची रोगी गेली ती पाणी देणे थांबल्यामुळे. तिसरा गुण दुसऱ्याच्या दुःखाजवळ जाण्याची तयारी. ती बनगावच्या त्या खोल्यांत दिसून आली.

जलसंजीवनी तयार करण्यास मात्र तुम्हांला मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही. उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्यावे. त्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर आणि सपाट भरलेला अर्धा छोटा चमचा मीठ घालून ते पूर्ण विरघळू द्यावे. मीठ या मापापेक्षा अधिक कधीही घालू नये. पुडी असेल तर तीच वापरावी आणि तिच्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे. द्रावण थोडेथोडे, वारंवार पाजावे; उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोटघोट द्यावे. चोवीस तासांनी उरलेले द्रावण टाकून नवे करावे. तान्ह्या मुलाला आईचे दूध चालूच ठेवावे. मूल सुस्त पडले, त्याला पिता येईना, किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा. वाटेतही द्रावण पाजत राहावे.

डॉक्टर महालनबीस २०२२ साली कोलकात्यात वारले. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा किताब जाहीर केला. त्यांचे नाव ठाऊक नसलेल्या असंख्य घरांत आजही रात्री-अपरात्री एखादी आई पेल्यात पुडी कालवते, चमच्याचमच्याने मुलाला पाजते आणि पहाटेच्या सुमारास मूल डोळे उघडून खाऊ मागते. हनुमानाने आणलेला पर्वत परत नेऊन ठेवावा लागला, असे सांगतात. ही संजीवनी मात्र घरातच राहिली आहे.